मोकळे आवार, बारा महिने

श्रोतेहो, आपल्या वस्तीत कुत्र्यांना मोकळे सोडण्यासाठी जे कुंपणाचे आवार आहे, तेथे मार्गशीर्ष-पौषात उभे राहायला जागा मिळत नाही आणि वैशाखात तेथे कोणी फिरकत नाही. कुत्रा पाळणाऱ्याने तेथे बारा महिने गेले पाहिजे, थंडीत तासभर आणि उन्हाळ्यात दहाच मिनिटे का होईना, पण खंड पाडू नये, एवढेच मला आज आग्रहाने सांगायचे आहे. तेथे होणारी भांडणे बहुधा मोठ्या खंडानंतर परत आलेल्या कुत्र्यांची असतात, असे मी पाहत आलो आहे. रोज भेटणाऱ्या कुत्र्यांमध्ये कोणाला पाठलाग आवडतो आणि कोणाच्या वाटेला जायचे नाही, हे ठरून गेलेले असते. चार महिने घरात कोंडलेला कुत्रा मात्र अंगात मावेनाशी शक्ती घेऊन येतो आणि ते सगळे त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते.

अशी भांडणे पुष्कळदा फाटकातच पेटतात. दोन फाटकांच्या मधली चिंचोळी जागा पट्टा सोडण्यासाठीच ठेवलेली आहे. तरीही अनेक जण कुत्र्याला पट्ट्यासकट आत आणतात आणि घाबरून तो ताणून धरतात. ताणलेल्या पट्ट्याने कुत्र्याची मान आणि छाती वर उचलली जाते, त्याला अंग वळवून बाजूने जाता येत नाही, आणि समोरच्या मोकळ्या कुत्र्याला ते आव्हान वाटते. म्हणून आतल्या फाटकाशी जमलेली कुत्री पांगेपर्यंत थांबावे, पट्टा तेथेच सोडावा आणि मग आत जावे. आत गेल्यावर मोबाईल खिशात असावा. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर उचलणारा कुत्रा खेळायला बोलावत असतो. पण अंग ताठ, तोंड मिटलेले आणि नजर एकाच जागी खिळलेली दिसली, तर गुरगुरण्याची वाट न पाहता आपल्या कुत्र्याला हाक मारून दूर न्यावे.

केवळ कुत्र्यांसाठी राखलेले आवार ही कल्पना तशी अलीकडची आहे. अमेरिकेत बर्कली येथे १९७९ साली असे उद्यान सुरू झाले आणि ते पहिल्या काही उद्यानांपैकी मानले जाते. आपल्या बडोद्याची कमाटीबाग त्याच्या शंभर वर्षे आधीची, १८७९ सालची. पण ती माणसांच्या फिरण्यासाठी आहे आणि तेथे कुत्रा मोकळा सोडणे इतरांवर अन्याय करणारे ठरेल.

आता ऋतूंकडे वळू. कुत्र्याच्या शरीराचे तापमान एरवीच साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते आणि घाम त्याला जवळजवळ फक्त पंजांच्या गाद्यांतून येतो. शरीर थंड ठेवण्यासाठी त्याची मुख्य भिस्त धापेवर, म्हणजे जिभेवरून उडून जाणाऱ्या ओलाव्यावर असते. बडोद्याचा पारा ४२ अंशांपलीकडे जातो तेव्हा सूर्योदयापूर्वीची थोडी वेळच त्याच्या कामाची. मात्र उन्हाइतकीच भीती मला पाऊस उघडल्यानंतरच्या उकाड्याची वाटते, कारण हवाच दमट असली की जिभेवरचा ओलावा उडत नाही आणि ढगाळ आकाश पाहून मालक निर्धास्त असतो. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबू लागली, लाळ घट्ट झाली, हिरड्या गडद लाल दिसू लागल्या, की खेळ तत्काळ थांबवून अंगावर साधे पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे. चपट्या नाकाच्या पगसारख्या कुत्र्यांबाबत तर ही लक्षणे दिसेपर्यंतही थांबू नये.

पावसाळ्यातले दुसरे संकट गवतात असते. गोचीड कानाच्या घडीत, बोटांच्या बेचक्यांत आणि गळपट्ट्याखाली दडते आणि तिच्यामुळे एर्लिकिया, बबेसिया यांसारखे रक्ताचे आजार होतात. म्हणून घरी परतल्यावर या तीन जागा बोटांनी चाचपून पाहाव्यात, नुसत्या नजरेवर विसंबू नये. साचलेल्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असेल, तर त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो माणसालाही होतो. विश्वामित्री नदीला पूर येऊन गेल्यावर आवारातील डबकी आटेपर्यंत कुत्र्याला आत न सोडता बाहेरच्या कोरड्या रस्त्यावर पट्ट्याने फिरवावे. खंड पाडू नये म्हणजे धोका पत्करावा असे नव्हे, रोजच्या सोबत्यांची कुंपणापलीकडून गाठ पडली तरी ओळख टिकते. रेबीजची आणि इतर लशी वेळच्या वेळी देणे तर गृहीतच आहे. लसीकरण पूर्ण न झालेले पिल्लू आत आणूच नये.

भाद्रपदाविषयी निःसंकोचपणे बोलले पाहिजे. कुंपणाबाहेरची कुत्री त्या सुमारास माजावर येतात आणि आतल्या नरांचे चित्त थाऱ्यावर राहत नाही. आपली कुत्री माजावर असेल, तर तिला सुमारे तीन आठवडे आवारात आणू नये. याबाबत कोणी सवलत मागू नये आणि कोणी ती देऊही नये.

उत्तरायणानंतर, म्हणजे १४ जानेवारी आणि दुसऱ्या दिवशीचे वासी उत्तरायण उलटल्यावर, गवतात पतंगांचा मांजा पडलेला असतो. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली देशभर बंदी घातली; तरीही धारदार दोरा पायात गुरफटतोच आणि धावता कुत्रा तो ओढून अधिकच घट्ट करतो. त्या आठवड्यात कुत्री सोडण्यापूर्वी आपण सर्वांनी ओळीने चालत आवार साफ करावे.

आवाराची व्यवस्था पाहणाऱ्यांकडे माझे दोनच मागणे आहेत. चैत्र ते ज्येष्ठ फाटक पहाटे पाचला उघडावे आणि त्या वेळेपुरता दिवा असावा. तसेच पाण्याची कुंडी रोज उपसून घासून भरावी, शेवाळ दिसेपर्यंत थांबू नये. घासण्याची पाळी आपण आळीपाळीने घेऊ शकतो, आणि पहिल्या आठवड्यासाठी माझे नाव लिहून घ्यावे.