किडनीला जोर कुठून मिळतो? १० मिलिमीटरचा हिशोब

नमस्कार मंडळी.

किडनी रक्त गाळते, हे आपण सगळ्यांनी शाळेत वाचलंय. पण गाळायला जोर लागतो. तो जोर कोण लावतं? किडनीत पंप नाही. रक्तातलं पाणी आरपार ढकलणारा सगळा जोर हृदयाकडून येतो, रक्तदाबाच्या रूपात. आणि तो हातात फार थोडा उरतो. किती थोडा, ते आज आकड्यांनी बघू. म्हणजे ऐन मे महिन्यात बीड, लातूर, परभणीकडे दिवसभर उन्हात राबलेल्या धडधाकट माणसाची किडनी दोन-तीन दिवसांत कशी काय मंदावते, हेही कळेल.

आधी रक्त किती जातं ते बघा. दोन्ही किडन्या मिळून वजन साधारण ३०० ग्रॅम. शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा नाही. पण हृदय मिनिटाला ५ लिटर रक्त फेकतं, त्यातलं एक लिटरच्या वर या दोघींकडे जातं. स्वतःच्या पोटापाण्यासाठी त्यांना एवढं रक्त नकोच असतं. त्यातला ऑक्सिजन त्या थोडाच वापरतात. एवढं रक्त येतं ते गाळण्यासाठी. मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर द्रव गाळला जातो, म्हणजे दिवसाला १८० लिटर. त्यातलं दीड लिटरच्या आसपास लघवी म्हणून बाहेर पडतं, बाकी सगळं किडनीतल्या बारीक नळ्या परत शोषून घेतात. अंगात प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशी सोडून उरणारा पातळ भाग, असतो जेमतेम ३ लिटर. म्हणजे तोच प्लाझ्मा दिवसातून ६० वेळा गाळणीखालून जातो.

(बोर्डावर एका गुच्छाचं चित्र)

हे गाळणं चालतं ग्लोमेरुलसमध्ये. बारीक केशवाहिन्यांचा गुच्छ, आणि त्याभोवती गाळलेला द्रव झेलणारी पेल्यासारखी बोमनची कॅप्सूल, तिथूनच नळी सुरू होते. एका किडनीत असे सुमारे १० लाख गुच्छ. आता एका गुच्छातला दाबाचा हिशोब मांडू. वहीत लिहून घ्या, खास करून लातूरला नीटची तयारी करणाऱ्या पोरांनी.

केशवाहिनीतला रक्ताचा दाब ६० मिलिमीटर पारा (बीपी मोजतात तेच माप). हा बाहेर ढकलतो. कॅप्सूलमध्ये आधीच द्रव आहे, त्याचा उलटा दाब १८. रक्तातली प्रथिनं, मुख्यतः अल्ब्युमिन, बाहेर जाऊ शकत नाहीत, ती पाण्याला आत ओढून धरतात. ती ओढ सरासरी ३२. साठातून अठरा आणि बत्तीस वजा करा. उरले १०.

१० मिलिमीटर पारा. दिवसाचे १८० लिटर याच्यावर चालतात. माणसात हे दाब थेट सुई घालून मोजलेले नाहीत, हे अंदाजाचे आकडे आहेत. १९७१ साली उंदरांच्या एका खास जातीत गुच्छातला दाब थेट मोजला गेला, तिथे तो ४५ च्या आसपास निघाला. पण गणिताची तऱ्हा तीच: मोठे आकडे एकमेकांना खाऊन टाकतात आणि शिल्लक अगदी लहान राहते. म्हणून या तिन्हीपैकी एक जरी आकडा थोडा हलला तरी गाळणं डळमळतं. मुतखडा अडकला किंवा म्हातारपणी प्रोस्टेट वाढलं, की लघवी तुंबते, कॅप्सूलमधले १८ वाढतात आणि शिल्लक संपते. रक्त ठीक, गुच्छ ठीक, तरी गाळणं बंद.

हा दाबाचा विचार जुना आहे. १८४२ साली ज्याच्या नावाची ही कॅप्सूल तो इंग्रज डॉक्टर बोमन म्हणत होता की गुच्छ पाणी स्रवतो, आणि त्याच वर्षी जर्मन शास्त्रज्ञ कार्ल लुडविग म्हणाला, नाही, रक्तदाब ते ढकलतो. निकाल लागायला ८० वर्षं गेली. १९२४ मध्ये वेअर्न आणि रिचर्ड्स या अमेरिकन संशोधकांनी बेडकाच्या एका कॅप्सूलमध्ये केसाएवढी काचेची नळी घालून थेंब काढला. त्यात साखर होती, क्षार होते, प्रथिनं नव्हती. आणि त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या लघवीत साखर नव्हती. आधी सगळं गाळलं जातं, मग कामाचं परत घेतलं जातं, हे त्या थेंबाने दाखवलं. मला हा प्रयोग फार मोठा वाटतो.

आता खरी गंमत. शरीरात बाकी ठिकाणी केशवाहिनीत दाब ३० च्या आसपास सुरू होतो आणि उतरत जातो. इथे ६० का? कारण गुच्छाच्या दोन्ही टोकांना धमनिका आहेत. एक रक्त आत आणणारी, एक बाहेर नेणारी. ठिबकच्या लाइनवर दोन वॉल्व बसवलेत असं धरा, एक मोटरीच्या बाजूला, एक शेवटच्या बाजूला, आणि मधे ड्रिपर. मोटरीकडचा वॉल्व आवळला तर मधला दाब पडतो, ड्रिपर मंद होतात. शेवटचा आवळला तर मधला दाब चढतो, ड्रिपर जोरात चालतात. किडनी हे दोन्ही वॉल्व स्वतः फिरवते, दर क्षणाला.

पण एक फरक आहे, आणि पुस्तकं इथे घाईने पुढे जातात. मधून वाहतं ते पाणी नाही, रक्त आहे. पाणी गाळलं गेलं की मागे उरलेल्या रक्तात प्रथिनं दाट होतात. गुच्छात शिरताना त्यांची ओढ २८ असते, बाहेर पडताना ३६ पर्यंत जाते. रक्त भरभर येत असेल तर ताजा प्लाझ्मा येत राहतो, ओढ फार वाढत नाही. रक्त रेंगाळलं तर आहे त्याच प्लाझ्मातून जास्त हिस्सा गाळला जातो, प्रथिनं लवकर दाटतात, आणि गुच्छाच्या अर्ध्या वाटेतच ते १० मिलिमीटर संपू शकतात. म्हणून दाब टिकला तरी प्रवाह घटला की गाळणं घटतं. शेवटचा वॉल्व थोडा आवळला तर फायदा, फारच आवळला तर उलटा तोटा, तो याच कारणाने. दाब आणि प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, किडनीला दोन्ही लागतात.

रक्तदाब तर दिवसभर खाली-वर होतो. चिडलात, वाढला. झोपलात, उतरला. तरी गाळणं जवळपास तेवढंच राहतं. सरासरी दाब ८० ते १८० च्या दरम्यान असेल तर किडनी सांभाळून घेते. दाब वाढला की आत आणणारी धमनिका ताणली जाते आणि आपोआप आवळते. शिवाय नळीचा एक भाग वळून परत त्याच गुच्छाला टेकतो, तिथल्या पेशी पुढे येणारं मीठ चाखतात. मीठ जास्त आलं म्हणजे गाळणं जास्त झालं, मग मोटरीकडचा वॉल्व आवळा. कमी आलं, मग उघडा. ‘भरपूर पाणी प्या, किडनी जास्त गाळेल’ असं जे सांगतात, ते म्हणूनच खरं नाही. निरोगी माणसाने जादा पाणी प्यायलं तर लघवी पातळ होते, गाळणं तेवढंच राहतं.

आता या उन्हात येऊ.

उसाच्या फडातून मार्च-एप्रिलमध्ये परतणारी टोळी, बांधकामावरचा मिस्त्री, दुपारी रानात असणारी बाई. घाम जातो तो पाणी आणि मीठ दोन्ही घेऊन. रक्ताचं आकारमान घटतं, दाब उतरू लागतो. किडनी मग दोन आधार लावते. अँजिओटेन्सिन नावाचं रसायन शेवटचा वॉल्व आवळतं, म्हणजे गुच्छातला दाब टिकतो. आणि प्रोस्टाग्लँडिन मोटरीकडचा वॉल्व उघडा ठेवतं, म्हणजे रक्त येत राहतं. या दोन आधारांवर माणूस तो दिवस काढतो.

संध्याकाळी अंग ठणकतं. मेडिकलवर जाऊन म्हणतो, दादा, अंगदुखीची गोळी द्या. मिळते डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन. या गोळ्या प्रोस्टाग्लँडिनच बंद करतात. दुखणं त्यामुळेच थांबतं, आणि मोटरीकडचा वॉल्वही त्यामुळेच आवळतो. एक आधार गेला.

घरी बीपीची गोळी चालू असेल, टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल, तर ती अँजिओटेन्सिनला रोखते. दुसरा आधारही गेला. आणि त्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ असेल तर तिच्यात लघवी वाढवणारं औषधही असतं, ते उरलेलं पाणी काढतं.

इथे कृपा करून चुकीचा अर्थ काढू नका. बीपीची ती गोळी वाईट नाही. मधुमेहात मोटरीकडचा वॉल्व सताड उघडा राहतो, गुच्छ वर्षानुवर्षं जादा दाबाखाली झिजतो, लघवीतून अल्ब्युमिन गळायला लागतं. तीच गोळी शेवटचा वॉल्व सैल करून गुच्छाला वाचवते. ती स्वतःच्या मनाने कधीच बंद करू नका. पण उलट्या-हगवण लागली, किंवा उन्हाने तोंडाला कोरड पडलीय, चक्कर येतेय, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा की हे दोन दिवस ती घ्यायची का. अंगदुखीची गोळी मात्र त्या दिवशी नकोच. पाकिटावर पॅरासिटॅमॉल वाचून निर्धास्त होऊ नका, पुष्कळ पाकिटांत त्याच्या जोडीला अ‍ॅसिक्लोफेनॅक असतं. पूर्ण नाव वाचून घ्या.

आणि नुसतं पाणी नको, मिठासकट हवं. मीठ घातलेलं ताक, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत, ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात. पायाला सूज असेल, हृदयाचा किंवा आधीचा किडनीचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारूनच.

लघवीवर लक्ष ठेवा. ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी सलग ६ तास झाली, तर किडनीला अचानक इजा होत असल्याची ती खूण मानतात. घरी माप नसतं, पण सकाळपासून दुपारपर्यंत लघवीच नाही, झाली तर थोडी आणि गडद, एवढं कळायला माप लागत नाही. सरळ दवाखान्यात जा.

तिथे रक्तातलं क्रिएटिनिन बघतील, म्हणजे स्नायूंतून येणारा आणि किडनी बाहेर टाकते तो कचरा. ते रक्तात साठायला वेळ घेतं, पहिल्या दिवशी चांगलं दिसू शकतं. आणि दोन दिवसांत ०.३ ची वाढसुद्धा इजाच धरली जाते. म्हणजे तुमचं आधी ०.८ होतं आणि आज १.१ आलं, तर लॅबच्या कागदावर तो आकडा नॉर्मलच्या रकान्यात बसेल, पण तुमच्यासाठी तो नॉर्मल नाही. हे डॉक्टरांना कळायचं तर त्यांच्यासमोर जुना आकडा हवा. म्हणून घरात कुणाला बीपी किंवा शुगर असेल, तर उन्हाळा लागायच्या आत एकदा क्रिएटिनिन करून घ्या, आणि तो कागद गोळ्यांच्या डब्यातच ठेवा.