बकरीचा डावा डोळा आणि उजवा मेंदू

(वर्धा जिल्ह्यातील एका गावात पशुपालक आणि पशुसखींपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

कळपातली एखादी बकरी डाव्या अंगाने खुंटावर आपटते. डाव्या बाजूला टाकलेला पाला तिला दिसत नाही, उजवीकडचा बरोबर दिसतो. डोळा पाहावा तर स्वच्छ. फूल पडलेलं नाही, पाणी गळत नाही. तरी आपण मलम आणतो आणि आठ दिवस त्याच डोळ्यात घालतो. अशा वेळी बिघाड बहुधा मेंदूच्या उजव्या अर्ध्यात असतो. हे उलटं का, ते आधी समजून घेऊ. तपासायचं कसं, हे त्यातूनच निघतं.

दोन्ही डोळ्यांच्या मागून निघालेल्या नसा मेंदूच्या तळाशी एकत्र येतात आणि त्यांची फुली होते. उजव्या डोळ्याचे तंतू डाव्या मेंदूकडे जातात, डाव्याचे उजवीकडे. मात्र सगळे ओलांडत नाहीत. माणसात जेमतेम अर्ध्याहून थोडे जास्त ओलांडतात, मांजरात ६५ टक्क्यांच्या आसपास, कुत्र्यात ७५. गाय, घोडा, मेंढी, बकरी यांच्यात ८० ते ९० टक्के, आणि सशात तर जवळजवळ सगळेच. डोळे जितके बाजूला, तितकं ओलांडणं जास्त. न्यूटनने १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये हा प्रश्न मांडला होता. दोन्ही डोळ्यांनी एकाच दिशेला पाहणाऱ्या प्राण्यांच्या नसा मेंदूत शिरण्याआधी एकत्र येतात, मासा आणि सरडगुहिऱ्याच्या येत नाहीत, असं त्याचं म्हणणं. एकाच दिशेला पाहणाऱ्यांच्या यादीत त्याने माणूस आणि कुत्र्याबरोबर मेंढी आणि बैलही घातले. बैलासमोर उभं राहून पाहिलं तर ते पटतं, बाजूने पाहिलं तर पटत नाही.

आता नियम असा की मेंदूचा प्रत्येक अर्धा भाग समोरच्या जगाची उलटी बाजू सांभाळतो. उजवा मेंदू डावीकडचं पाहतो. माणसाचे दोन्ही डोळे समोर असल्यामुळे डावीकडचं दृश्य दोन्ही डोळ्यांत पडतं. म्हणून माणसाच्या उजव्या मेंदूला मार लागला तर दोन्ही डोळ्यांना दिसणारं डावं-डावं अर्धं दृश्य जातं. बकरीचं तसं नाही. तिच्या डाव्या डोळ्याला बहुतेक डावीकडचंच जग दिसतं, आणि त्याचे बहुतेक तंतू उजव्या मेंदूत जातात. त्यामुळे उजवा मेंदू बिघडला की डावा डोळाच गेल्यासारखा वाटतो.

‘बहुतेक’ हा शब्द मात्र सोडू नका. डाव्या डोळ्याला नाकापलीकडचा, म्हणजे उजवीकडचा, थोडा पट्टाही दिसतो. ते दृश्य त्या डोळ्याच्या पडद्यावर कानाकडच्या बाजूला पडतं. न ओलांडणारे तंतू निघतात ते तिथूनच. ते सरळ डाव्या मेंदूत जातात, म्हणजे उजवीकडच्या जगाचा हिशेब डाव्या मेंदूतच राहतो. नियम इथवर पाळला जातो. पण बाजूला डोळे असलेल्या प्राण्यांत त्याच कोपऱ्यातले पुष्कळ तंतू तरीही ओलांडतात. म्हणून त्यांच्या मेंदूत मांडलेला दृश्याचा नकाशा नाकाच्या रेषेवर कापल्यासारखा थांबत नाही, थोडा पलीकडे सरकतो. ससा आणि उंदीर यांच्या मेंदूत हे मोजून पाहिलेलं आहे. मेंदूच्या मधल्या भागात, मान आणि डोळे झटकन वळवणारं एक ठाणं आहे. तिथे हे आणखी ठळक दिसतं. ससा, उंदीर, मांजर यांच्या त्या ठाण्यात उलट बाजूच्या डोळ्याचं पूर्ण दृश्य मांडलेलं असतं. माकड-माणसांत फक्त अर्धं.

दृष्टीचा मुख्य नकाशा मेंदूच्या मागच्या-वरच्या सालीत, म्हणजे बाहेरच्या थरात, असतो. बहुतेक सस्तन प्राण्यांत जमिनीकडचं दृश्य नकाशात पुढे येतं, आभाळाकडचं मागे. नाकासमोरचं बाहेरच्या कडेला, बाजूचं आतल्या फटीकडे. तलाठ्याच्या नकाशात एकर सगळीकडे सारखा असतो, या नकाशात नाही. डोळ्याच्या पडद्यावर जिथे पेशी दाट, तिथल्या दृश्याला मेंदूत जागा जास्त. माणसात तो एक ठिपका आहे. चरणाऱ्या जनावरांत तो आडवा पट्टा आहे, क्षितिजाच्या रेषेत, म्हणजे लांडगा जिथून यायचा तिथे. बकरीची बाहुली आडवी असते ती याच कामासाठी. मान खाली घातली की हा पट्टा तिरपा व्हायला हवा, पण तसं होत नाही. २०१५ च्या एका अभ्यासात दाखवलं गेलं, की चरताना बकरी, मेंढी आणि घोड्याचे डोळे खोबणीत ५० अंश किंवा त्याहूनही जास्त फिरतात, आणि बाहुली जमिनीला समांतर राहते. उद्या वावरात चरणारी बकरी बाजूने पाहा, लगेच दिसेल.

नाकासमोरचा अरुंद पट्टा दोन्ही डोळ्यांत येतो आणि तिथे अंतर कळतं. १९७७ मध्ये रामचंद्रन, क्लार्क आणि व्हिटरिज यांनी नुकत्याच जन्मलेल्या कोकरांच्या मेंदूत अशा पेशी दाखवल्या, ज्या दोन डोळ्यांतल्या चित्रांच्या फरकाला प्रतिसाद देतात. जन्मल्या दिवशी आईमागे चालायचं असेल तर हे तयारच लागतं.

आता तपासणी. एक डोळा तळहाताने झाका. दुसऱ्या डोळ्याकडे हात न्या, बाजूने आणि थोडं मागून, आणि वीतभर अंतरावर थांबवा. दिसत असेल तर पापणी मिटते किंवा मान मागे जाते. हात समोरून, नाकाकडून नेऊ नका. वर सांगितलेला नाकापलीकडचा पट्टा चांगल्या मेंदूकडे जातो, त्यामुळे आंधळ्या बाजूचा डोळाही मिटू शकतो आणि तुम्ही फसता. दुसरी चूक वाऱ्याची. जोरात हात हलवला तर झुळूक लागून पापणी मिटते, ती दिसण्याची खूण नव्हे. म्हणून मी रुईच पसंत करतो. सरकी काढलेल्या कापसाचा लिंबाएवढा गोळा वरून डोळ्याच्या बाजूला हातभर अंतरावर सोडा. आवाज नाही, वारा नाही. दिसत असेल तर जनावर नजरेने त्याच्यामागे जातं. दोन-तीन वेळा करा, मग ते कंटाळतं.

नवजात करडू पहिले काही दिवस हाताला पापणी मिटत नाही. त्याला आंधळं ठरवू नका. चेहऱ्याची नस लुळी पडली, कान लोंबला, तर दिसत असूनही पापणी मिटत नाही. तेव्हा मान हलते का पाहा. आणि ओळखीच्या गोठ्यात आंधळी बकरीही नीट चालते, म्हणून घमेलं, बाज, टोपली यांची जागा बदलून चालवा.

मग उजेड. अंधाऱ्या खोलीत टॉर्च मारा. उन्हात बाहुली आधीच आवळलेली असते. बाहुली आवळते त्या वाटेला मेंदूची साल लागत नाही. म्हणून डोळ्याला दिसत नाही आणि बाहुलीही हलत नाही, तर दोष डोळ्यात किंवा त्याच्या नसेत. दिसत नाही पण बाहुली नीट आवळते, तर दोष पुढे, उलट बाजूच्या मेंदूत. घाबरलेल्या जनावराची बाहुली फैलावलेली असते, थोडं थांबा.

दोन्ही डोळे एकदम गेले, बाहुल्या चालतात, मान मागे ताणली आहे, तर बी-१ जीवनसत्त्वाची कमतरता आधी मनात आणा. लग्नाचा उरलेला भात, पीठ, मळी एकदम पोटात गेल्यावर हे होतं. मात्रा किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे २५ किलोच्या बकरीला २५० मिलिग्रॅम. पहिला डोस डॉक्टर शिरेतून हळू देतात. पहिल्या दिवसात दिला तर उपयोग, उशीर झाला तर मेंदूची साल मरते. शिशाच्या विषबाधेतही असंच चित्र दिसतं, म्हणून जुनी बॅटरी आसपास पडली आहे का बघा.

एकच बाजू हळूहळू गेली, बकरी एकाच दिशेला गोल फिरते, वय सहा महिने ते दोन वर्षं, तर मेंदूत पाण्याची गाठ असण्याचा संशय धरा. बहुतेक वेळा ती गाठीच्या बाजूला फिरते, पण यावर एकट्यावर विसंबू नका. कोणता डोळा गेला हे जास्त भरवशाचं. कवटी उघडून गाठ काढतात, तेव्हा कोणती बाजू उघडायची हे याच खुणांवरून ठरतं.

ही गाठ कुत्र्याच्या फीतकृमीची अळी असते. कुत्रा मेलेल्या बकरीची मुंडी खातो, अळीचा जंत त्याच्या आतड्यात वाढतो, अंडी विष्ठेतून चाऱ्यावर पडतात. मुंडी खोल पुरा किंवा जाळा. कुत्र्याला प्राझिक्वांटेल किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला ५० ची एक गोळी, दर दीड-दोन महिन्यांनी. औषधानंतर दोन दिवस त्याला बांधून ठेवा आणि त्याची विष्ठा पुरून टाका.