दोन तास अठ्ठावन्न

[पहाट. मासुंदा तलाव. पाण्यात दिव्यांच्या लांब रेषा.]

पहाटेचे पाच. तलावपाळीवर बाकाशी एक काकू बुटाची नाडी बांधतायत. दोनदा गाठ मारतात, मग ओढून बघतात. आजूबाजूला दहा-बारा जण हातपाय मोकळे करतायत. कुणी बँकेतलं, कुणी शाळेतलं, कुणी रात्रपाळी संपवून थेट इथे आलेलं. यांच्यापैकी कुणाचाही फ्लेक्स ठाण्यातल्या नाक्यावर लागलेला नाही. म्हणून हा माहितीपट त्यांचा.

काकूंचं वय ५४. नौपाड्यात राहतात, पोळी-भाजीचे डबे देतात. रोज दीडशे पोळ्या, म्हणजे चार-पाच तास शेगडीपुढे उभं राहणं. टाचा ठणकायच्या, रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तेव्हा त्या तलावपाळीला आल्या. पहिल्या दिवशी कशीबशी एक फेरी झाली आणि बाकावर टेकल्या, त्या उठेचनात. धावत चाललेल्या एका बाईंनी जाता जाता विचारलं, “उद्या येताय ना?” ओळख ना पाळख. पण कुणीतरी आपली वाट बघणार म्हटल्यावर काकूंना घरी बसवेना.

[उपवन तलाव. येऊरचा चढ. झाडांतून कोवळं ऊन.]

रविवारी सगळे उपवनहून येऊरच्या रस्त्याला लागतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ही ठाण्याकडची बाजू. वळणावळणाचा चढ, दोन्ही अंगांना जंगल, वर आदिवासी पाडे. इथला नियम एकच, बोलता येईल एवढ्याच वेगाने धावायचं. वाक्य मध्येच तुटलं की वेग कमी करायचा. यामागे कारण आहे. नव्याने धावायला लागलं की दमसास लवकर वाढतो, पण हाडं आणि स्नायूंना जोडणारे बंध सावकाश बळकट होतात. छाती म्हणते धाव, आणि गुडघा मागे राहतो. नवखी माणसं इथेच जखमी होतात. काकूंनी घाई केली नाही. चढावर त्या भाज्यांचे भाव बोलतात. बोलणं थांबलं की बाकीच्यांना कळतं, आता हळू.

जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन २००४ पासून होते. तिची अर्धमॅरेथॉन, २१.०९७ किलोमीटरची, माहीमहून निघते. एरवी जिथे पायी पाऊल टाकायची मुभा नाही, तो सागरी सेतू त्या पहाटे धावणाऱ्यांचा असतो. पहिल्या खेपेला काकूंना ३ तास १२ मिनिटं लागली. शेवटचे चार किलोमीटर त्या चालल्या. वर्षभराने पुन्हा उभ्या राहिल्या. पेडर रोडच्या चढावर लोक चालू लागले, पण काकूंच्या पायांत येऊर होतं. घड्याळ थांबलं तेव्हा २ तास ५८ मिनिटं झाली होती.

चौदा मिनिटं! त्यांच्या पुढे हजारो जण पोचलेले होते. पण त्या चौदा मिनिटांमागे किती पहाटा आहेत, हे आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात पाहिलं.

[भिंतीवरचं कालनिर्णय, अगदी जवळून.]

तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलंय, ‘दूध २ लि.’ त्याच्या खाली ‘गॅस आला’. त्याच्याही खाली ‘येऊर ८’. काही चौकोनांत फक्त ‘पाऊस, तरी ५’. मार्चमध्ये एक अख्खा आठवडा कोरा. सासूबाई दवाखान्यात होत्या. मग पुन्हा ‘२’, ‘३’, ‘३’. मला विचाराल तर पदकापेक्षा हे पान जपून ठेवावं.

खाडीपलीकडे नेरूळला, डी. वाय. पाटील स्टेडियमवर, २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं आणि पहिल्यांदा विश्वचषक उचलला. काकूंच्या चाळीत त्या रात्री कुणी झोपलं नाही. तो विजय सगळ्या देशाचा होता. दोन तास अठ्ठावन्न मात्र एकट्या काकूंचे, आणि तरीही या दहा-बारा जणांनी ते तेवढ्याच जोरात साजरे केले.

याच गटात लिफ्टदुरुस्ती करणारा एक तरुण आहे. त्याने २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, पूर्ण केली. मुदत साडेतेरा तासांची. हा तेरा तास दहा मिनिटांत आला, वाटेत दोन पंक्चर काढून. ब्रेव्हेत पहिला-दुसरा नंबर नसतोच, मुदतीत आलेले सगळे सारखे. हे मला फार आवडतं. हात काळे, ओठ फुटलेले, आणि गटातली आजी त्याला हाताने गूळपोळी भरवतेय, हा क्षण आमच्या कॅमेऱ्यात आहे.

[गच्ची. संध्याकाळ. सतरंजी, पोह्यांचं पातेलं.]

शाल-श्रीफळ नाही, भाषण नाही. प्रत्येकाने उभं राहायचं आणि आपला आकडा सांगायचा. एक जण म्हणतो, “न थांबता पाच किलोमीटर.” टाळ्या. एक ताई म्हणतात, “ऑपरेशननंतर तलावाला पहिली फेरी.” इथे टाळ्या थांबेचनात. काकूंची पाळी येते. पदर सारखा करत त्या हळूच आकडा सांगतात आणि पटकन खाली बसतात.

[पुन्हा स्वयंपाकघर. सकाळचे सात.]

पदक लावायला भिंतीवर मोकळा खिळा नव्हता. म्हणून ते चाळणीच्याच खिळ्यावर अडकवलंय. काकू पीठ चाळायला चाळण काढतात, तेव्हा ते खणकन वाजतं.