रकान्यातले शून्य

(दृश्य: टेबलावर भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा. एक हात सावकाश पाने उलटतो आहे.)

या प्रश्नावलीच्या सातव्या पानावर एक रकाना आहे: ‘गेल्या बारा महिन्यांत उपचारांसाठी घरातून झालेला एकूण खर्च’. माहिती संकलकाने त्यात सुवाच्य अक्षरात शून्य लिहिले आहे. कुठे खाडाखोड नाही, बेरजेची चूक नाही, आणि ही नोंद तशीच संगणकात गेली असती तर कोणत्याही तपासणीत ती अडकली नसती. तरीही छाननी करणाऱ्या विश्लेषक बाईंनी ती बाजूला काढली आणि संकलकाला बोलावून विचारले, ‘या घरात वर्षभर कोणीच आजारी पडले नाही का?’ तो म्हणाला, ‘पडले होते, मॅडम. आजी चार महिने अंथरुणाला खिळून होत्या. पण दवाखान्यात नेलेच नाही. परवडणारे नव्हते.’

उपचारांच्या खर्चाने किती कुटुंबे मोडतात हे मोजण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांमध्ये जी मूळ व्याख्या स्वीकारली गेली, तिच्यात दोन मापे होती. कुटुंबाच्या एकूण खर्चाच्या किंवा उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर गेली तर तो मोठा भार मानायचा, आणि कडक माप लावायचे असेल तर २५ टक्क्यांहून अधिक. माप सोपे आहे आणि देशोदेशी लावता येते, पण त्यात एक खोच आहे. कर्ज काढून आजीला दवाखान्यात नेणारे घर या मोजणीत संकटग्रस्त ठरते. ज्या घराला कर्जही मिळाले नाही आणि ज्याने आजीला घरीच ठेवले, ते घर मात्र सुरक्षित घरांच्या यादीत जाऊन बसते. जिथे गरिबी सर्वांत खोल आहे, तिथेच आकडा सर्वांत समाधानकारक दिसू शकतो.

(दृश्य: कार्यालयाचा लांबट दिवाणखाना. कपाटे, संगणक, भिंतीवर तक्ते.)

ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या आरोग्य धोरण संस्थेतली माणसे दिवसभर नेमके काय करतात, हे त्यांच्या घरच्यांनाही धड सांगता येत नाही. ही संस्था रुग्णालय नव्हे, त्यामुळे इथून कोणी बरा होऊन घरी जात नाही. ती सरकारी खातेही नव्हे, त्यामुळे इथून आदेश निघत नाहीत. इथून निघतात टिपणे, अहवाल आणि तक्ते, आणि त्यांतले एखादे वाक्य पुढे दुसऱ्याच कोणाच्या तरी तोंडून सभागृहात किंवा वार्ताहर परिषदेत ऐकू येते. अशा संस्थांचा इतिहास पाहिला तर कित्येकींचा जन्म धोरणासाठी झालेलाच नाही, असे दिसते. लंडनचा किंग्ज फंड १८९७ मध्ये स्थापन झाला तो रुग्णालयांसाठी देणग्या गोळा करायला. धोरणाच्या अभ्यासाकडे तो पुढे वळला. अमेरिकेतील कैसर फॅमिली फाउंडेशनची स्थापना १९४८ ची, पण आरोग्य धोरणाची माहिती पुरवणारी संस्था ही तिची आजची ओळख बऱ्याच नंतर घडली.

इथली माणसेही अशीच वळणे घेत आलेली असतात. कोणी दवाखाना सोडून आलेला डॉक्टर असतो, कोणी अर्थशास्त्रज्ञ, कोणी वकील, आणि एखादा पत्रकारही, ज्याला बातमीच्या दुसऱ्या दिवशी काय होते याची उत्सुकता स्वस्थ बसू देत नव्हती. पगार बेताचा असतो आणि अनेकांची नेमणूक प्रकल्प संपेपर्यंतचीच असते. त्याबद्दल ही माणसे फार बोलत नाहीत, पण निधीच्या वर्षाअखेरीस कार्यालयातले वातावरण बदलते हे कोणाच्याही लक्षात येईल.

खिडकीजवळच्या टेबलावर मृत्यूच्या नोंदींचे काम चालते. मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून ‘हृदयक्रिया बंद पडल्यामुळे’ असे लिहिलेले आपण सर्वांनी पाहिले आहे. वाक्य खोटे नाही, कारण हृदयक्रिया प्रत्येक मृत्यूत बंद पडतेच. पण ती कशामुळे बंद पडली, क्षयामुळे, प्रसूतीतील रक्तस्रावामुळे की सर्पदंशामुळे, हे त्यातून कळत नाही. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत अशा नोंदींनाही संकेतांक आहेत, आणि जागतिक रोगभाराचा अभ्यास करणाऱ्यांनी त्यांना थेट ‘कचरा संकेतांक’ असे नाव दिले आहे. या टेबलावरच्या सांख्यिकी अधिकाऱ्याचे निम्मे आयुष्य त्या कचऱ्यातून कारणे वेचण्यात जाते. दाखला भरणाऱ्या डॉक्टरांवर त्यांचा राग नाही. रात्रपाळीत, रडणाऱ्या नातेवाइकांसमोर भरलेल्या अर्जाकडून किती अपेक्षा ठेवायची, असे ते विचारतात, आणि लगेच त्याच अर्जावर पुढच्या वर्षीची औषधखरेदी ठरणार असल्याचीही आठवण करून देतात.

(दृश्य: शेजारी शेजारी दोन पडदे. दोन तरुण संशोधक एकमेकांशी न बोलता काम करत आहेत.)

हे दोघे भांडलेले नाहीत. पद्धतशीर आढाव्याचा नियमच असा आहे की सापडलेल्या हजारो शोधनिबंधांपैकी कोणते घ्यायचे आणि कोणते गाळायचे, हे दोघांनी स्वतंत्रपणे ठरवायचे, मग निर्णय ताडून पाहायचे, आणि मतभेद राहिला तर तिसऱ्याकडे जायचे. काम कंटाळवाणे आहे. तिसऱ्या दिवशी शीर्षके डोळ्यांसमोर नाचू लागतात. त्याची गरज का पडली, याची आठवण एका चिन्हात जपलेली आहे. १९९३ मध्ये सुरू झालेल्या कॉक्रेन या संस्थेच्या बोधचिन्हातल्या आडव्या रेषा ही नक्षी नव्हे. प्रत्येक रेषा म्हणजे एक वैद्यकीय चाचणी आहे. मूल अपुऱ्या दिवसांचे होणार असे दिसताच आईला स्टेरॉइडचा छोटा, स्वस्त उपचार द्यावा का, या प्रश्नाच्या त्या चाचण्या. पहिलीचा निष्कर्ष १९७२ मध्ये आला आणि मागोमाग इतरही आल्या, पण त्या साऱ्या एकत्र मांडणारा पद्धतशीर आढावा १९८९ पर्यंत कोणी प्रसिद्ध केला नाही. उपचाराने बाळे वाचतात हे छापलेल्या कागदांत विखुरलेले पडून होते, आणि मधल्या काळात अनेक प्रसूतितज्ज्ञांना ते ठाऊकच नव्हते.

आढावा पूर्ण झाला की मजकूर संपादक बाईंकडे येतो आणि इथे शब्दाशब्दावर वाद होतात. ‘ग्रेड’ या पद्धतीत पुराव्याच्या बळानुसार क्रियापद बदलते. पुरावा भक्कम असेल तर ‘मृत्यू कमी होतात’, मध्यम असेल तर ‘बहुधा कमी होतात’, दुबळा असेल तर ‘कमी होऊ शकतात’, आणि अगदीच तोकडा असेल तर ‘याबाबत फार अनिश्चितता आहे’ असे लिहावे लागते. चित्रीकरणाच्या दिवशी ‘बहुधा’ या एका शब्दावर चाळीस मिनिटे चर्चा झाली. जनसंपर्क पाहणाऱ्या सहकाऱ्याचे म्हणणे होते की ‘बहुधा’ वाचून कोणताही मंत्री कागद बाजूला सारेल. बाईंनी शब्द काढू दिला नाही, मात्र वाक्य पानाच्या तळातून वर आणले. कॅनडातील एका आरोग्य संशोधन प्रतिष्ठानाने रूढ केलेला साचा इथेही वापरतात: एक पान मुख्य मुद्द्यांचे, तीन पाने सारांशाची, आणि पंचवीस पाने तपशिलाची. निर्णय घेणारा बहुतेक वेळा पहिले पानच वाचतो, हे गृहीत धरलेले असते; उरलेली पाने त्याच्या विरोधकासाठी असतात, असे बाई हसत सांगतात.

पैशाचा प्रश्न टाळून या माणसांचे चित्र पुरे होणार नाही. निधी विभागातला अधिकारी प्रत्येक देणगीदाराची कुंडली काढतो, आणि त्याला तसे वागायला लावणारी एक जुनी हकीकत आहे. हृदयविकारात साखरेचा वाटा कमी लेखून बोट चरबीकडे दाखवणारा एक आढावा १९६७ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला होता. त्यामागे साखर उद्योगाच्या संघटनेचा पैसा होता, हे जुन्या कागदपत्रांवरून २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या काळी निधीचा स्रोत जाहीर करण्याची सक्ती नव्हती. त्या नियतकालिकाने ती १९८४ मध्ये आणली. म्हणून आज मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला देणगीदारांची नावे छापली जातात. अर्थात नावे छापल्याने हितसंबंध नाहीसे होत नाहीत, केवळ वाचकाला दिसतात, आणि हे तो अधिकारी स्वतःच बोलून दाखवतो.

(दृश्य: बैठकीची खोली. पांढऱ्या फळ्यावर खोडून खोडून लिहिलेला मजकूर.)

पुरावा स्वच्छ असला तरी तो अर्धाच उचलला जातो, हे या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. अमेरिकेतील रँड या ना-नफा संस्थेने १९७४ ते १९८२ या काळात आरोग्यविम्याचा मोठा प्रयोग केला. हजारो माणसांना वेगवेगळ्या योजनांमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखे विभागले. कोणाला उपचार पूर्ण मोफत, कोणाला खर्चाचा वाटा उचलायचा. वाटा उचलावा लागला की माणसे दवाखान्यात कमी जातात आणि सरासरी व्यक्तीच्या प्रकृतीत फारसा फरक पडत नाही, हा निष्कर्ष पुढे जिथे तिथे सांगितला गेला. माणसांनी अनावश्यक उपचारांइतकेच आवश्यक उपचारही टाळले आणि मोफत उपचारांचा लाभ, उदाहरणार्थ रक्तदाब आटोक्यात येण्याचा, मुख्यतः गरीब व आजारी लोकांना झाला, हेही त्याच अहवालात होते. ते मात्र फारसे कोणी उद्धृत केले नाही. सरासरी नावाच्या गोष्टीत कोण कोण दडून बसते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

आजच्या बैठकीचा विषय मात्र सातव्या पानावरचा रकाना आहे. संकलकाचे म्हणणे, प्रश्न बदलावा. ज्येष्ठ संशोधकांचा त्याला विरोध आहे, कारण प्रश्नाचा एक शब्द जरी हलला तरी मागील फेऱ्यांशी तुलना तुटते आणि दहा वर्षांची मेहनत वाया जाते. दोघांचेही बरोबर आहे. शेवटी जुना प्रश्न अक्षरशः तसाच ठेवून त्याच्या लगेच पुढे नवा घालायचे ठरले: ‘गेल्या बारा महिन्यांत घरातील कोणी आजारी असूनही उपचार घेतले नाहीत, असे झाले का? झाले असल्यास का?’ मुलाखत लांबली की लोक कंटाळून उठतात, म्हणून नव्या प्रश्नासाठी जागा करताना नवव्या पानावरचे दोन प्रश्न गेले. ते ज्या संशोधिकेने घातले होते, तिने सही केली, पण बोलली काही नाही.

(दृश्य: प्रशिक्षणाचा वर्ग. संकलक फळ्यासमोर उभा आहे.)

नव्या प्रश्नाचे प्रशिक्षण त्याच संकलकाकडे सोपवले आहे. वर्गाला तो सांगतो की ‘का?’ विचारल्यावर पर्याय वाचून दाखवायचे नाहीत, घरातल्या दुसऱ्या कोणाकडे पाहायचे नाही, आणि उत्तर येईपर्यंत पेन कागदावर टेकवायचे नाही.