हत्तीन, ११८७: पाण्याची लढाई

(दृश्य: वाळलेलं गवत, काळे खडक, दोन शिंगांची टेकडी. दूर खाली सरोवर.)

जुलै म्हटला की आपल्याकडे छत्र्या निघतात. आजच्या इस्रायलच्या उत्तरेला गालील आहे, तिथे जुलैत पावसाचा थेंब नसतो. पाणी असतं ते झऱ्यांना, नाहीतर त्या खालच्या सरोवरात.

११८७ साली जेरुसलेमचा ख्रिस्ती राजा गी सफुरियाच्या झऱ्यांपाशी तळ देऊन होता. सोबत वीसेक हजारांची फौज, त्यात सुमारे बाराशे नाइट, म्हणजे चिलखती घोडेस्वार. जागा नामी होती. त्याच्यावर चालून आलेल्या सलाउद्दीनला, इजिप्त आणि सीरियाच्या मुस्लिम सुलतानाला, तिथे लढायचंच नव्हतं. राजाला पाण्यापासून उठवायचं होतं. म्हणून २ जुलैला त्याने सरोवराकाठच्या तिबेरियासवर चाल केली. तिथल्या गढीत राजाच्याच फौजेतल्या सरदाराची, काउंट रेमंडची, बायको एशिवा अडकली. आणि गंमत बघा, ‘जाऊ नका’ म्हणणारा खुद्द रेमंडच! शहर गेलं तर गेलं, फौज राखा, असं त्याचं म्हणणं. राजाला पटलंही. पण रात्री टेम्पलर या लढवय्या पंथाच्या प्रमुखाने त्याचे कान भरले आणि पहाटे फौज निघाली.

अंतर पंचवीस-तीस किलोमीटर. पण अंगावर लोखंडी कड्यांचं चिलखत, वर ऊन, दोन्ही अंगांनी घोडेस्वार तिरंदाजांचा मारा. वाटेत तुरआनचा झरा लागला. एवढ्या माणसांना आणि घोड्यांना तो कुठला पुरणार? फौज पुढे सरकली आणि सलाउद्दीनच्या तुकड्यांनी मागची वाट अडवली. परतीचं पाणीही तुटलं. रात्र कोरड्या माळावर गेली. पलीकडच्या तळावर मात्र उंटांच्या पाठीवरून सरोवराचं पाणी चढत होतं, पखालीच्या पखाली. वर त्यांनी गवत पेटवून दिलं. धूर थेट तहानलेल्यांच्या घशात.

हत्तीनची टेकडी म्हणजे विझलेला ज्वालामुखी. सकाळी पायदळ तिच्यावर चढून बसलं ते उतरेचना. समोर सरोवर, समुद्रसपाटीच्याही दोनशे मीटर खाली. मध्ये सलाउद्दीनची फौज. ही कहाणी नेहमी श्रद्धेची आणि शौर्याची म्हणून सांगतात. मला विचाराल तर तिचा निकाल पखालींनी लावला.

४ जुलैला राजा कैद झाला. तंबूत सलाउद्दीनने त्याच्या हाती बर्फाने गार केलेलं पेय दिलं. २ ऑक्टोबरला जेरुसलेमही पडलं.

(दृश्य: नकाशा, किनारपट्टी.)

ख्रिस्त्यांचं किनाऱ्यावरचं टायर शहर मात्र टिकलं. तीन बाजूंना समुद्र, जमिनीकडे एक चिंचोळी पट्टी, आणि बंदर खुलं. ११९१ मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड जेरुसलेम परत घ्यायला आला तो किनारा धरूनच चालला. उजव्या हाताला स्वतःची जहाजं, त्यांतून रसद. आर्सुफला जिंकलाही. पण जेरुसलेम आत, डोंगरात. बैत नुबापर्यंत, म्हणजे शहरापासून वीसेक किलोमीटरवर, तो दोनदा पोचला आणि दोन्हीदा माघारी फिरला. पहिल्यांदा हिवाळी पाऊस आणि चिखल. दुसऱ्यांदा, ११९२ च्या उन्हाळ्यात, शहराभोवतीच्या विहिरी सलाउद्दीनने आधीच नासवून ठेवल्या होत्या.

त्याच सप्टेंबरात तह झाला. टायर ते जाफा हा किनारा ख्रिस्त्यांकडे राहिला, जेरुसलेम सलाउद्दीनकडे, आणि निःशस्त्र यात्रेकरूंना वाट मोकळी झाली.