रेंज फुल्ल, तरी नेट गुल

नमस्कार श्रोतेहो. आकाशवाणीच्या पुणे केंद्राची मध्यम लहर ७९२ किलोहर्ट्झची. ती सेकंदाला ७ लाख ९२ हजार वेळा हेलकावते आणि तिची लांबी भरते सुमारे ३७९ मीटर. तुमच्या घरातलं वायफाय हीसुद्धा रेडिओलहरच. फक्त ती सेकंदाला २४० कोटी वेळा हेलकावते, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ, आणि लांबीला जेमतेम साडेबारा सेंटिमीटर. वीतभरसुद्धा नाही!

लहर जितकी आखूड, तितकी ती भिंतीत जास्त अडते. त्यात राउटरची ताकद बहुधा १ वॉटच्याही आतली. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याची जाड भिंत ओलांडून माजघरात पोचेपर्यंत तिचा जीव अर्धा होतो. नव्या इमारतींतलं लोखंड घातलेलं काँक्रीटही काही कमी त्रासदायक नाही. म्हणून राउटर टीव्हीमागे किंवा कपाटात दडवू नका. दिसायला बरा नसला, तरी घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळा ठेवा.

हल्लीचे बरेच राउटर ५ गिगाहर्ट्झवरही चालतात. तिथे वेग जास्त, पण पल्ला कमी. मग २.४ कशाला ठेवायचं? लांबच्या खोलीसाठी. मात्र तिथे गर्दी फार. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल, म्हणजे लहरींच्या वेगळ्या वाटा, तीनच धरतात: १, ६ आणि ११. कोथरूडच्या एखाद्या सोसायटीत फोनवर वायफायची यादी उघडा, शेजाऱ्यांची नावं संपता संपत नाहीत. त्यांतली बरीचशी या तीन चॅनेलांत दाटीवाटीनं बसलेली असतात. शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो. दूध गरम करताना व्हिडिओ अडकला, तर त्याच्यावर संशय घ्यायला हरकत नाही.

आता सगळ्यात मोठा घोळ. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. फोनवरच्या त्या कमानी फोन आणि राउटर यांच्यातल्या सिग्नलचा जोर दाखवतात, बस्स. राउटरच्या पुढे इंटरनेट येतंय की नाही, ते त्यांतून कळत नाही. वेगाचंही तसंच. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, त्यातला ‘बी’ बिटचा असतो. ८ बिटांचा एक बाइट. त्यामुळे फाइल उतरवताना सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट मिळतात. कंपनीनं फसवलं असं लगेच समजू नका.

नेट रखडलं तर फोन घेऊन राउटरपाशी जा. तिथे सुरळीत चाललं, तर अडचण भिंतीची किंवा गर्दीची. तिथेही ठप्प असेल, तर फायबरच्या डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा बघा. तो लाल असला, तर प्रकाशाचा सिग्नल घरापर्यंत पोचतच नाहीये. केबल वाकली किंवा निसटली असेल, किंवा बाहेर तुटली असेल. आपल्या शहरात रस्ते खणणं बारमाही असल्यामुळे शेवटची शक्यता काही दुर्मीळ नाही. अशा वेळी राउटर बंद-चालू करत बसू नका. तक्रारीचा फोन लावा आणि पहिल्याच वाक्यात सांगा, ‘एलओएस लाल आहे.’