फोर्तूनाचा कौल

(दृश्य : पहाट. डोंगराच्या उतारावर एकावर एक चढत गेलेलं गाव.)

रोमच्या पूर्वेला साधारण 35 किलोमीटरवर पॅलेस्ट्रिना नावाचं गाव आहे. 1944 साली दोस्तराष्ट्रांच्या विमानांनी इथं बॉम्ब टाकले. उतारावरची घरं कोसळली आणि त्यांच्या मागे दडलेल्या, कितीतरी जुन्या भिंती उघड्या पडल्या. चौथऱ्यांवर चौथरे, कमानी, चढणीच्या वाटा. गाव इतकी शतकं एका देवळाच्या अंगाखांद्यावर संसार करत होतं.

हे देऊळ फोर्तूना प्रिमिगेनियाचं. फोर्तूना म्हणजे दैव, प्रिमिगेनिया म्हणजे आधी जन्मलेली. गावाचं तेव्हाचं नाव प्रेनेस्ते. 'माझ्या नशिबात काय आहे?' हा प्रश्न घेऊन माणसं हा चढ चढायची.

(दृश्य : खडकाचा जवळून दिसणारा पोत.)

प्रेनेस्तेच्या लोकांत एक कथा होती. नुमेरियस सुफुस्तियस नावाच्या घरंदाज माणसाला सारखी स्वप्नं पडू लागली : अमुक जागेचा खडक फोड. पुढेपुढे स्वप्नं धमकावू लागली, तसा तो घाबरला आणि घण घेऊन कामाला लागला. गावकरी हसत होते. खडक फुटला आणि आतून ओकच्या लाकडाच्या पट्ट्या बाहेर आल्या, जुन्या वळणाची अक्षरं कोरलेल्या. त्याच सुमारास जवळच्या एका ऑलिव्हच्या झाडातून मध पाझरला म्हणे. त्या झाडाची पेटी केली आणि पट्ट्या तिच्यात ठेवल्या.

कौल लावायची रीत साधी होती. पेटीतल्या पट्ट्या एक लहान मुलगा हातानं कालवायचा आणि त्यातली एक बाहेर काढायचा. पट्टीवर जे असेल ते उत्तर. पुजाऱ्याचा किंवा मोठ्या माणसाचा हात मध्ये नाही. मुलाच्या हाताला देवीच हलवते, अशी श्रद्धा.

हे सगळं आपल्याला कुणामुळे कळलं? ज्याचा यावर काडीचा विश्वास नव्हता, त्याच्यामुळे. सिसेरो हा रोमचा नामांकित वक्ता. स्वतः शकुन पाहणाऱ्या सरकारी मंडळाचा सभासद, आणि तरी ख्रिस्तपूर्व 44 मध्ये त्यानं भविष्यकथनाची साल काढणारा ग्रंथ लिहिला. तो विचारतो, ते ओकचं झाड तोडलं कुणी, तासलं कुणी, अक्षरं कोरली कुणी? कुठला अधिकारी, कुठला मोठा माणूस आता असले कौल लावतो? त्याच्या मते देऊळ देखणं आणि पुरातन, म्हणून त्या पट्ट्यांचं नाव टिकलं, तेही सामान्य लोकांत. कार्नेआदेस या ग्रीक तत्त्वज्ञाचा टोमणाही तो सांगतो : प्रेनेस्तेइतकी नशीबवान फोर्तूना आपण कुठेच पाहिली नाही! पण टर उडवता उडवता सिसेरोनं स्वप्न, खडक, मध, पेटी, मुलाचा हात असं सगळं नोंदवून ठेवलं. भक्तांपैकी कुणी इतकं सांगितलेलं नाही.

(दृश्य : तटबंदीचे अजस्र दगड.)

आणि मोठी माणसं कौल लावत नाहीत, हे त्याचं म्हणणंही पुढे खोटं ठरलं. सम्राट टायबेरियसला रोमजवळची कौल देणारी देवस्थानं बंद करायची होती. रोमन चरित्रकार सुएतोनियस लिहितो, टायबेरियसनं पेटी मोहोरबंद करून रोमला आणवली, उघडली तर आत पट्ट्याच नाहीत. पेटी देवळात परत गेली तेव्हा पट्ट्या पुन्हा सापडल्या. सम्राटानं नाद सोडला. पुढचा एक सम्राट डोमिशियन दरवर्षी नवं वर्ष याच देवीच्या ओटीत घालायचा आणि दरवर्षी शुभ कौल मिळायचा. शेवटच्या वर्षी मात्र रक्ताचा उल्लेख आला. इसवी सन 96 मध्ये त्याचा खून झाला.

या सम्राटांच्या कितीतरी आधी, ख्रिस्तपूर्व 82 मध्ये, रोमच्या यादवी युद्धात सेनापती सुल्लाचा शत्रू धाकटा मारियस याच गावात वेढ्यात अडकून मेला. सुल्लाच्या बाजूनं गाव जिंकलं, पुरुषांची कत्तल केली. त्यानंतर सुल्लानं स्वतःला बिरुद लावून घेतलं : फेलिक्स, म्हणजे भाग्यवान. तेही दैवाच्या गावातल्या विजयानंतर.

(दृश्य : मांडीवर बाळं घेतलेली देवीची प्रतिमा, रेखाचित्र.)

देवळाचं खरं गिऱ्हाईक मात्र वेगळंच होतं. इथल्या मूर्तीत फोर्तूनाच्या मांडीवर दोन तान्ही बाळं होती, रोमन देवांचा राजा ज्युपिटर आणि राणी ज्युनो, आणि बाळ ज्युपिटर देवीच्या स्तनाकडे झेपावत होता. या मूर्तीतल्या बाळाची पूजा मनोभावे करायच्या त्या आया. रोमन घरांत जन्माच्या आठवड्याअखेरी नशीब लिहिणाऱ्या देवतांना बोलावत, असं जुना ख्रिस्ती लेखक तर्तुलियन सांगतो. आपल्याकडे सहाव्या रात्री सटवाई येते, तिच्या हातीही लेखणीच असते.

गंमत अशी, की इथं सापडलेल्या एका लेखात फोर्तूना ज्युपिटरची आई नाही, मुलगी आहे. हा घोळ विद्वानांना छळतो. भक्तांना छळला असेल असं मला वाटत नाही.

तो लेख कांस्याच्या छोट्या पत्र्यावर आहे, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातला. मोजून पाच ओळी. ओर्केविया, नुमेरियसची बायको. बाळंतपणासाठी. ज्युपिटरची लेक फोर्तूना, पहिली जन्मलेली, तिला. मी भेट दिली.

कौल काय मिळाला होता, ते तिनं कोरून घेतलेलं नाही.